दुर्बिणीच्या जागी पत्र

एकलहऱ्यात सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात बारा वाजून सरासरी ३४ मिनिटे झालेली असतात. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताची आहे. औष्णिक वीज केंद्राच्या धुराड्यांवरून दुरून ओळखू येणारे गोदाकाठचे हे गाव त्या रेषेच्या साडेआठ अंशांहून थोडे अधिक पश्चिमेला पडते, आणि दर अंशाला चार मिनिटांचा फरक होतो. मुंबईसाठी गणित केलेल्या पंचांगातली सूर्योदयाची वेळ इथे लावायची तर पुन्हा चारेक मिनिटे इकडची तिकडे करावी लागतात. उज्जयिनीच्या मध्यरेषेवरून यायचे तर साडेसात मिनिटे. ज्योतिषगणितात याला देशांतर-संस्कार म्हणतात. संस्कार छोटा आहे, पण त्यातून या शास्त्राचा स्वभाव कळतो. आकाश सगळ्यांना एकच असले तरी प्रत्येकाला ते आपल्याच ठिकाणाहून दिसते. दुसऱ्या ठिकाणी काय दिसले हे कळल्याशिवाय आपल्या वेधाला अर्थ येत नाही. म्हणून ज्योतिर्विदाला दूरच्या माणसाशी बोलावेच लागते, आणि तारा, आगगाड्या व छापखाने नुकतेच येत होते त्या एकोणिसाव्या शतकात हे बोलणे मुख्यतः पत्रांतून होत असे. त्या काळातील मराठी ज्योतिर्विदांनी आपल्या सहकाऱ्यांशी, मित्रांशी आणि प्रतिपक्षाशी केलेला व्यवहार नेमका कसा होता, त्यातून काय निपजले आणि त्याची आज आपण कितपत कदर करतो, या प्रश्नाचा हा आढावा आहे.

युरोपात अशा पत्रव्यवहाराकडे कोणत्या नजरेने पाहिले जाते हे आधी ध्यानात घ्यावे. इंग्रज ज्योतिर्विद सर जॉन हर्शेल १८७१ साली वारले. त्यांच्या जवळपास १५ हजार पत्रांची सारांशासह सूची १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. कोणत्या तारखेला कोणी कोणाला काय कळवले याचा तो आराखडा हाताशी असल्यामुळे हर्शेल यांच्या कामाचा विचार आता एका माणसाच्या बुद्धीपुरता उरलेला नाही. त्यामागचे गणिती, आरसे घासणारे, जहाजांचे कप्तान, दूरच्या वसाहतींतले अधिकारी असे सगळे जाळे दिसते. आपल्याकडे चित्र उलटे आहे. केरो लक्ष्मण छत्रे, विसाजी रघुनाथ लेले, शंकर बाळकृष्ण दीक्षित, व्यंकटेश बापूजी केतकर ही नावे आपण आदराने घेतो, पण एकेकटी घेतो. गरिबीत, साधनांशिवाय, एकांतात तप करणारा गणिती ही आपली आवडती प्रतिमा आहे. माझे म्हणणे असे की ही प्रतिमा पुराव्याला धरून नाही. या माणसांकडे मोठ्या दुर्बिणी नव्हत्या हे खरे, पण त्या उणिवेच्या जागी त्यांनी पत्र हे साधन उभे केले होते. त्यांचे उत्तम काम टपालाच्या वाटेने झाले, आणि ती वाट पुसू दिल्यामुळे आपण त्यांना आहेत त्यापेक्षा एकाकी आणि लहान करून ठेवले आहे.

या इतिहासाच्या आरंभीच एक पत्र आहे. १८३६ साली जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हंबोल्ट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष ड्यूक ऑफ ससेक्स यांना लिहिले की पृथ्वीच्या चुंबकत्वाचे एकाच वेळी, जगभर, एका पद्धतीने मापन व्हायला हवे आणि ब्रिटिश साम्राज्याने आपल्या प्रदेशांत त्यासाठी ठाणी उभारावीत. हर्शेल आणि एडवर्ड सॅबाइन यांनी ही कल्पना उचलून धरली. ईस्ट इंडिया कंपनीने जी ठाणी अंगावर घेतली त्यांत मुंबईची कुलाबा वेधशाळा होती. तिथले काम ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली सुरू होत होते, तेव्हा अलिबागजवळच्या नागाव गावात १८२४ साली जन्मलेले केरो लक्ष्मण छत्रे ऐन तारुण्यात त्यांचे सहायक म्हणून रुजू झाले. ठरल्या वेळी सुई पाहायची, अंश लिहायचे, रात्र असो की पाऊस असो खंड पडू द्यायचा नाही, हे तिथले शिस्तीचे काम होते. पुढे मराठी विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना गणित शिकवणाऱ्या, टिळकांचे गुरू झालेल्या केरूनानांना वेधाची शिस्त इथे लागली. बर्लिनहून निघालेल्या एका पत्राचा धागा असा नागावच्या मुलापर्यंत येतो. गंमत नव्हे, इतिहासाची सुसंगती म्हणून पुढचेही सांगायला हवे: मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून चुंबकीय मापनाचे काम १९०४ साली शहराबाहेर हलवावे लागले आणि ते अलिबागला, केरूनानांच्या जन्मगावाच्या शेजारी, जाऊन स्थिरावले.

कुलाब्यात लागलेल्या सवयीचे फळ म्हणजे १८६० मधला 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा छत्र्यांचा ग्रंथ. ग्रहलाघवासारख्या जुन्या करणग्रंथांवरून येणारे ग्रह आकाशातल्या ग्रहांशी जुळत नाहीत, ग्रहणाच्या वेळा चुकतात, हे त्यांना दिसत होते. युरोपीय वेधांवर आधारलेली कोष्टके मराठीत आणून त्यांनी पंचांगाला आकाशाशी पुन्हा जोडले. आबासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने १८६५ च्या सुमारास निघालेले पटवर्धनी पंचांग याच वाटेने चालले आणि त्याच्यामागे इंग्लंडातून समुद्रमार्गे येणाऱ्या नॉटिकल अल्मनॅकची गणिते होती. परक्या वेधांवर विसंबण्याला कोणी उसनवारी म्हणेल, पण ग्रीनिचचा वेध पुण्यात वापरण्यापूर्वी तो आपल्या रेखांशावर, आपल्या तिथींच्या भाषेत आणि आपल्या आरंभस्थानावर आणून बसवावा लागतो. छत्र्यांनी राशिचक्राचा आरंभ रेवतीच्या एका ठरावीक ताऱ्यापासून धरला आणि शके ४९६ हे शून्य अयनांशाचे वर्ष मानले. त्या एका निर्णयाचा परिणाम आजही घराघरांत दिसतो: टिळक पंचांग मानणाऱ्यांची मकरसंक्रांत १० जानेवारीला येते, इतरांची १४ किंवा १५ ला. मूळ ताऱ्याची निवड किती दूरवर पोचते ते यावरून समजावे. आणि असा निर्णय कोणी एकट्याने घेऊन भागत नाही, त्याला आव्हान देणारा लागतो. छत्र्यांना तो मिळाला.

विसाजी रघुनाथ लेले मूळचे नाशिकचे. त्यांचा जन्म १८२७ चा आणि उमेदीचा काळ ग्वाल्हेरच्या नोकरीत गेला. इंग्रजी महाविद्यालयाची पदवी त्यांच्यामागे नव्हती, गणित त्यांनी स्वतःच्या कष्टाने आत्मसात केले. 'स्फुटवक्ता अभियोगी' या नावाने त्यांनी वृत्तपत्रांतून छत्र्यांशी वाद मांडला. त्यांचा मुद्दा सरळ होता. अयनबिंदू वर्षाला सुमारे ५० विकला मागे सरकतो, म्हणजे ७२ वर्षांत एक अंश. ग्रहांची गणिते नव्या वेधांनी सुधारायची आणि वर्षाचा आरंभ मात्र अशा ताऱ्यापासून मोजायचा की ऋतू महिन्यांतून हळूहळू निसटत जावेत, यात सुसंगती कुठे आहे? उत्तरायण प्रत्यक्षात २२ डिसेंबरच्या आसपास सुरू होते. मग ते जानेवारीत का पाळायचे? म्हणून पंचांग सायन हवे, संपातापासून मोजलेले हवे. छत्र्यांसारख्या मान्यवर प्राध्यापकाला ग्वाल्हेरचा एक कारकुनी पेशाचा माणूस असा प्रश्न विचारू शकला आणि त्याला दुर्लक्षून चालले नाही, कारण वाद छापील पत्रांतून उघड्यावर चालला होता. त्यातूनच माणसे जोडली गेली. ठाण्याचे जनार्दन बाळाजी मोडक आणि तरुण दीक्षित लेल्यांच्या बाजूला आले आणि १८८४ च्या सुमारास या तिघांनी सायन पंचांग काढायला घेतले. एक ग्वाल्हेरला, एक ठाण्याला, एक शाळेच्या बदल्यांनुसार फिरता. गणित वाटून घ्यायचे, एकमेकांचे तपासायचे, मग छापायचे, हे सगळे कागदाच्या देवघेवीतून झाले.

इथे पहिला आक्षेप येतो. वृत्तपत्रातला वाद म्हणजे पत्रव्यवहार नव्हे. खाजगी पत्रात मन मोकळे होते, वृत्तपत्रात पवित्रा घेतला जातो. आक्षेपात तथ्य आहे, पण तो एकोणिसाव्या शतकाच्या रीतीला लागू पडत नाही. युरोपातही त्या काळी शास्त्रीय पत्र बहुधा दोन वाचकांसाठी लिहिले जाई: ज्याच्या नावे आहे त्याच्यासाठी आणि ज्या सभेत ते वाचले जाईल तिच्यासाठी. नियतकालिकांतले कितीतरी निबंध 'संपादकांस पत्र' या रूपातच आहेत. शिवाय आपल्याकडे शास्त्रीय संस्था नव्हत्या. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत जे काम होई, ते पुण्या-मुंबईच्या आणि ठाण्याच्या वृत्तपत्रांच्या स्तंभांना करावे लागले. १८५४ मध्ये देशभर अर्ध्या आण्यात पत्र जाऊ लागले आणि १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. तुटपुंज्या पगाराच्या शिक्षकालाही मद्रास-काशीपर्यंत प्रश्न विचारणे परवडू लागले. सभागृह नसलेल्या समाजात टपाल आणि वृत्तपत्र मिळूनच विद्वत्सभा झाली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही.

या सभेचा सर्वांत मोठा लाभ शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी घेतला आणि तिला सर्वांत मोठी देणगीही त्यांनीच दिली. १८५३ साली कोकणातल्या मुरूडला जन्मलेले, १८९८ मध्ये पंचेचाळीशीही पुरी न करता गेलेले हे शिक्षक. फ्लीट या मुंबई इलाख्यातील मुलकी अधिकाऱ्याला गुप्त राजांच्या शिलालेखांचा संग्रह सिद्ध करायचा होता. अडचण होती गुप्त संवत् केव्हा सुरू झाला याची. थॉमस यांनी इसवी सन ७७-७८ सुचवले होते, कनिंगहॅम यांनी १६६-६७. भाषेच्या किंवा नाण्यांच्या आधारे वाद मिटत नव्हता. एरणच्या स्तंभलेखात बुधगुप्ताच्या राज्यातली एक तारीख वारासह दिलेली आहे: वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार. तिथी आणि वार एकत्र जुळणे ही कडक कसोटी आहे, कारण चुकीचे वर्ष धरले की वार सहसा चुकतो. दीक्षितांनी गणित करून दाखवले की ३१९-२० हा आरंभ धरला तर ही तिथी २१ जून ४८४ ला येते आणि त्या दिवशी गुरुवारच होता. १८८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्लीट यांच्या ग्रंथाचा कालगणनेचा पाया अशा गणितांवर उभा आहे. उत्तर हिंदुस्थानच्या दोन शतकांच्या इतिहासाला ज्यामुळे पक्की जागा मिळाली, ते काम एका मराठी शिक्षकाने कागदावर केले, आणि त्याला लागलेले साहित्य म्हणजे शिलालेखाचा ठसा, कोष्टके आणि देवघेवीची पत्रे एवढेच.

यावर दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. हे सहकार्य बरोबरीचे नव्हते. गोऱ्या विद्वानाने प्रश्न विचारावा, देशी माणसाने आकडेमोड करून द्यावी आणि कीर्ती गोऱ्याने घ्यावी, अशी ती व्यवस्था होती. साम्राज्यात सत्ता कोणाकडे होती हे विसरून चालणार नाही, आणि अनेक शास्त्री-पंडितांच्या वाट्याला प्रस्तावनेतल्या आभाराच्या एका ओळीपलीकडे काही आले नाही हेही खरे. पण दीक्षितांच्या बाबतीत कागद वेगळे बोलतात. परिव्राजक राजांच्या लेखांत बार्हस्पत्य संवत्सरांची 'महा' हे पद लावलेली नावे आहेत. ती कोणत्या नियमाने पडतात हे कोणाला उलगडत नव्हते. गुरू सूर्यतेजातून बाहेर पडून उदय पावतो त्या वेळच्या नक्षत्रावरून ही नावे दिली जात, हे दीक्षितांनी शोधले आणि त्यावरचा त्यांचा निबंध फ्लीट यांच्या त्याच ग्रंथाला त्यांच्या नावाने जोडला गेला. आकडेमोड करून देणारा मदतनीस असा निबंध लिहीत नाही. पुढे मद्रास इलाख्यातील निवृत्त अधिकारी रॉबर्ट स्यूएल यांच्यासह तयार झालेला 'द इंडियन कॅलेंडर' हा ग्रंथ १८९६ मध्ये लंडनमध्ये निघाला, तेव्हा मुखपृष्ठावर दोन लेखकांची नावे होती. इसवी सन ३०० ते १९०० पर्यंतच्या तारखांचा मेळ घालणारी ही कोष्टके इतिहासकारांसाठी आणि न्यायालयांसाठीही होती, आणि त्यांना व्हिएन्नाच्या रॉबर्ट श्राम यांची सूर्यग्रहणांची कोष्टके जोडलेली होती. पुणे, इंग्लंड आणि व्हिएन्ना यांचे श्रम एका पुस्तकात आले. इतक्या दूरच्या तीन माणसांना एका टेबलाशी बसवणारे पत्राखेरीज दुसरे काय होते?

त्याच १८९६ साली दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास' मराठीत प्रसिद्ध झाला. दक्षिणा प्राइझ कमिटीच्या आवाहनावरून लिहिलेला हा ग्रंथ वेदकाळापासून त्यांच्या समकालीनांपर्यंत येतो. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याचा शेवटचा भाग अमोल आहे. मद्रासचे चिंतामणी रघुनाथाचार्य, काशीचे बापूदेव शास्त्री आणि सुधाकर द्विवेदी, ग्वाल्हेरचे लेले, बागलकोटकडचे केतकर, अशा हयात किंवा नुकत्याच वारलेल्या माणसांचे जन्मशक, गाव, शिक्षण, ग्रंथ तिथे नोंदवलेले आहेत. कोणत्या प्रांतात कोणते पंचांग कोणत्या ग्रंथावरून होते, हेही आहे. असा तपशील पोथ्यांत नसतो. तो त्या माणसांकडून किंवा त्यांच्या जवळच्यांकडून विचारूनच मिळतो. म्हणजे हा ग्रंथ एका अर्थी शेकडो प्रश्न आणि उत्तरांचा आटवलेला अर्क आहे. भारतीय हवामान खात्याने त्याचे इंग्रजी भाषांतर १९६९ आणि १९८१ मध्ये दोन भागांत छापले; मूळ मराठीत लिहिलेल्या शास्त्रीय ग्रंथाच्या वाट्याला असा मान क्वचित येतो. त्यामागे दीक्षितांची बुद्धी आहेच, पण त्यांनी धीराने विणलेले माणसांचे जाळेही आहे. बापूदेव शास्त्र्यांचे उदाहरणही याच जातीचे. पुण्यात जन्मलेल्या आणि गोदाकाठच्या टोके गावाशी घराण्याचे नाते असलेल्या या गणितज्ञाची गुणवत्ता सीहोरचे पोलिटिकल एजंट विल्किन्सन यांनी हेरली. पुढे काशीच्या संस्कृत महाविद्यालयात असताना त्यांनी केलेले सूर्यसिद्धान्ताचे इंग्रजी भाषांतर आणि विल्किन्सन यांनी मागे ठेवलेल्या गोलाध्यायाच्या भाषांतराची दुरुस्ती १८६१ मध्ये प्रसिद्ध झाली. मैत्री विल्किन्सन यांच्या मृत्यूनंतरही काम करत राहिली, ती अशी.

बरोबरीच्या प्रश्नाला आणखी एक उत्तर पुण्याच्या कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्या कामात आहे. भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांच्या देणगीत सरकारने भर घातली आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८८८ च्या सुमारास वेधशाळा उभी राहिली. तिथली २० इंची परावर्ती दुर्बीण ही त्या वेळी देशातली सर्वांत मोठी होती. नायगमवाला यांना पाठबळ देणाऱ्यांत लंडनचे नॉर्मन लॉकियर होते. तेजोमेघांच्या वर्णपटातली मुख्य हिरवी रेषा ही उल्कांतल्या मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड आहे, असा लॉकियर यांचा सिद्धान्त होता. तसे असते तर ती रेषा एका बाजूला पुसट होत गेलेली दिसली असती. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचे वेध घेऊन नायगमवाला यांनी १८९१ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या पत्रिकेत नोंदवले की रेषा स्वच्छ आणि अरुंद आहे. ज्याच्या आधाराने वेधशाळा चालली त्याच्याच आवडत्या सिद्धान्ताविरुद्धचा पुरावा त्यांनी लपवला नाही. आश्रितवृत्तीच्या नात्यात असे घडत नसते. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला नायगमवाला सोलापूर जिल्ह्यात जेऊरला गेले. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही जेऊरलाच उतरले होते. पुलगावला न्यूअल, तळणीला माँडर दांपत्य, विजयदुर्गाला स्वतः लॉकियर. छायेचा पट्टा कोणत्या गावावरून जातो, तिथे जानेवारीत आभाळ किती असते, आगगाडी कुठवर येते, हे सगळे आधी लिहून-विचारून ठरल्याशिवाय जगभरचे लोक महाराष्ट्रातल्या आडगावी दोन मिनिटांच्या अंधारासाठी जमत नाहीत.

विजयदुर्गाचे नाव निघाले, तेव्हा पत्रे जपण्याचे मोल दाखवणारा एक दाखला पाहावा. लॉकियर यांनी १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला, असे कोकणात अभिमानाने सांगितले जाते. त्या दिवशी लॉकियर इंग्लंडमध्ये होते. ग्रहणाचे वेध घेणाऱ्यांत गुंटूरला फ्रेंच ज्योतिर्विद यान्सेन होते आणि पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात सर जॉन हर्शेल यांचे चिरंजीव लेफ्टनंट जॉन हर्शेल. ग्रहण नसतानाही सूर्याच्या कडेवरच्या ज्वाला वर्णपटाने पाहता येतात, हे यान्सेन यांनी काकीनाड्याहून १९ सप्टेंबरच्या पत्राने पॅरिसला कळवले. लॉकियर यांनी तेच इंग्लंडमधून ऑक्टोबरात साधले आणि तेही लिहून पाठवले. २६ ऑक्टोबरला पॅरिसच्या विज्ञान अकादमीत दोन्ही पत्रे एकाच बैठकीत आली आणि श्रेय दोघांना मिळाले. सूर्यावरची ती पिवळी रेषा कोणत्या मूलद्रव्याची, हे रॅमसे यांनी १८९५ मध्ये खनिजातून वायू वेगळा काढल्यावर सिद्ध झाले. लॉकियर विजयदुर्गाला आले ते १८९८ मध्ये, हेलियम सापडून गेल्यावर. दंतकथेने ३० वर्षांचे अंतर मिटवले, आणि ते पुन्हा उघड झाले ते दिनांक टाकलेल्या दोन पत्रांमुळे. किल्ल्याचा मान याने कमी होत नाही. जे खरोखर घडले तेही अभिमान बाळगावा असेच आहे. पण आपल्या इतिहासातल्या किती गोष्टी अशा तपासाविना फिरत असतील, याची कल्पना यावरून करावी.

तिसरा आक्षेप शास्त्रनिष्ठांचा आहे: जे टिकाऊ ते ग्रंथांत आलेच आहे, पत्रे म्हणजे कामाचा भुसा, आणि पंचांगाचे वाद हे तर ज्योतिषशास्त्रही नव्हे. पहिल्या भागाला उत्तर असे की ग्रंथ निष्कर्ष सांगतो, तो कोणत्या शंकेतून आणि कोणाच्या विरोधातून आला ते सांगत नाही. टिळकांचे 'ओरायन' १८९३ मध्ये निघाले. त्याच वर्षी याकोबी यांनी जर्मनीत वेदकाळाविषयी तसाच निष्कर्ष मांडला. कोणी कोणाचे घेतले, अशी शंका सहज आली असती. ब्यूलर यांनी १८९४ मध्ये 'इंडियन अँटिक्वरी'त दोघांचे काम स्वतंत्र असल्याची साक्ष दिली म्हणून तो प्रश्न निवळला. अशी साक्ष विद्वानांतल्या संपर्कातूनच मिळते. लगेच १८९५ मध्ये दीक्षितांनी शतपथ ब्राह्मणातले एक वचन पुढे आणले: कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत. ते प्रत्यक्ष वेधाचे मानले तर इसवी सनापूर्वी ३००० च्या आसपासचा काळ येतो. थिबो यांच्यासारख्यांनी त्याला विरोध केला आणि हा वाद अजून पूर्ण शमलेला नाही. पण वचन, गणित, प्रतिवाद अशा क्रमाने तो चालला, यातच त्याचे शास्त्रपण आहे. केतकरांनी १९११ मध्ये फ्रेंच ज्योतिषसंस्थेच्या पत्रिकेत नेपच्यूनपलीकडच्या ग्रहांविषयी लेख पाठवला. त्यातल्या एकाचे अंतर पृथ्वीच्या अंतराच्या सुमारे ३९ पट आणि फेरा २४२ वर्षांचा त्यांनी सांगितला. १९३० मध्ये सापडलेल्या प्लूटोचे आकडे ३९.५ आणि २४८ आहेत. प्लूटोचे वस्तुमान फार थोडे असल्यामुळे या जवळिकीला सिद्ध भाकीत म्हणणे योग्य होणार नाही. पण बागलकोटकडच्या शिक्षकाला आपली कल्पना पॅरिसच्या विद्वानांपुढे ठेवणे स्वाभाविक वाटले, ही गोष्ट केरूनानांपासून चालत आलेल्या सवयीची साक्ष आहे.

आक्षेपाच्या दुसऱ्या भागाला लेल्यांच्या वादाचे पुढे जे झाले तेच उत्तर आहे. सायन पंचांग त्याच्या कर्त्यांनंतर टिकले नाही. लोकांनी सण आणि संक्रांत जिथे होती तिथेच ठेवली. लेले हरले, असे कोणीही म्हणाले असते. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून, शके १८७९ च्या १ चैत्रापासून, जी राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली तिचे वर्ष सायन आहे. ते संपाताच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते आणि त्याचे महिने ऋतूंपासून निसटत नाहीत. धार्मिक सणांसाठी समितीने निरयन गणना ठेवली, पण देशाच्या अधिकृत कालगणनेचे तत्त्व नाशिकच्या त्या माणसाने वृत्तपत्रांतून ज्यासाठी भांडण मांडले तेच ठरले. ज्या वादातून एका राष्ट्राच्या वर्षाचा पहिला दिवस कोणता हा प्रश्न सुटतो, त्याला शास्त्राबाहेरचा म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

आढाव्याचा निष्कर्ष मांडताना मर्यादाही सांगितली पाहिजे. पत्रव्यवहार हे साधन होते, प्रतिभेला पर्याय नव्हता. पुष्कळांनी पुष्कळ पत्रे लिहिली आणि त्यांतून काहीच उभे राहिले नाही. ज्यांच्याकडे इंग्रजी नव्हते, ज्यांना लिहिण्यावाचण्याचीच संधी नाकारली गेली होती, त्यांच्यासाठी ही विद्वत्सभा बंदच होती, हा त्या काळाचा दोष तिच्यातही आहे. तरीही छत्रे, लेले, दीक्षित, नायगमवाला, केतकर यांचे काम एकत्र ठेवले की एकच आकृती दिसते. जिथे उत्तर देणारा, तपासणारा, विरोध करणारा दुसरा माणूस टपालाच्या पल्ल्यात होता, तिथे काम वाढले. तो तुटला तिथे ते थांबले. सायन पंचांग तिघांवर उभे होते, म्हणून तिघांबरोबर गेले. पुण्याची वेधशाळा नायगमवाला यांच्या निवृत्तीनंतर १९१२ मध्ये बंद झाली आणि उपकरणे कोडाईकनालला गेली, कारण पुढे चालवणारी माणसे जोडलेली नव्हती.

म्हणून मागणी साधी आहे. वृत्तपत्रांच्या जुन्या फायलींतले ज्योतिषविषयक वाद तारीखवार उतरवून काढावेत. विदेशी विद्वानांच्या जपलेल्या कागदांत मराठी माणसांची जी पत्रे असतील त्यांची यादी करावी. घराण्यांच्या पेट्यांत काही उरले असेल तर ते ग्रंथालयांकडे द्यावे. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे आहे, म्हणजे छत्रे कुलाब्याच्या वेधशाळेत काम करू लागले त्याच सुमाराचे. हे काम अंगावर घ्यायला अशा संस्थांहून योग्य कोण? जपणूक आपल्याला जमत नाही असेही नाही. एकलहऱ्याहून काही कोसांवर, त्याच गोदावरीच्या वरच्या अंगाला, तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. कोणत्या गावचा कोण कोणत्या साली कोणाच्या नावाने पाणी सोडायला आला, हे त्यांत पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेले आहे आणि मागितले की काढून दाखवले जाते. पूर्वजांना पिंड दिल्याची नोंद जो समाज इतक्या निष्ठेने ठेवतो, त्याने आपल्या ज्योतिर्विदांनी एकमेकांना काय विचारले आणि काय उत्तर दिले याचीही एक वही ठेवावी. तेही पितृऋणच आहे.